डिझेल गाडीचा टर्बो उशिरा का जागा होतो? आणि त्याला लवकर उठवायचं कसं?

दोन पदरी रस्ता. पुढे कांद्याचा ट्रक ताशी ६० च्या वेगाने चाललाय. समोरचा रस्ता मोकळा दिसतो, इंडिकेटर लागतो, गाडी उजवीकडे निघते आणि ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतो. गाडी काहीच करत नाही. एक सेकंद जातो, दुसरा जातो. मग कुणीतरी मागून ढकलल्यासारखी ती अचानक सुटते.

डिझेल गाडी चालवणाऱ्या जवळपास प्रत्येकाने हे कधी ना कधी अनुभवलेलं असतं. गॅरेजमध्ये याला ‘पिकअप नाही’ म्हणतात, गाड्यांच्या भाषेत ‘टर्बो लॅग’.

दोन सेकंदांनी काय बिघडतं, असं वाटू शकतं. हिशोब करून बघा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोरून येणारी एसटीही तेवढ्याच वेगात असेल, तर त्या दोन सेकंदांत दोन्ही गाड्यांमधलं अंतर सुमारे ६७ मीटरने कमी होतं. पाच-सहा एसटी एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं. आणि हे अंतर जातं तेव्हा आपली गाडी ट्रकच्या शेजारी, चुकीच्या बाजूला असते. त्यामुळे टर्बो लॅग हा फक्त गाडीवेड्यांच्या गप्पांचा विषय नाही.

टर्बो नेमकं करतो काय?

इंजिनात डिझेल जाळायचं तर हवा लागते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा हवी, आणि धूर नको असेल तर त्याहून बरीच जास्त. साधं इंजिन पिस्टनच्या ओढीने जेवढी हवा आत येईल तेवढीच घेतं. म्हणून जुन्या, बिनटर्बोच्या डिझेल गाड्या दणकट होत्या, पण चढावर हत्तीच्या चालीने चालायच्या.

स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी यावर एक युक्ती शोधली आणि १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुरात भरपूर ताकद असते. त्या धुराच्या वाटेत एक पंख्यासारखं चाक बसवायचं. त्याच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक, जे बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबेल. धूर पहिलं चाक फिरवतो, त्याच्याबरोबर दुसरं फिरतं, इंजिनाला जास्त हवा मिळते, जास्त डिझेल जाळता येतं. तेवढ्याच इंजिनातून कितीतरी जास्त ताकद.

ही कल्पना आधी जहाजांत आली, मग ट्रकमध्ये आणि रेल्वेत. कारमध्ये यायला बराच वेळ गेला. मर्सिडीज-बेंझने १९७८ मध्ये अमेरिकेच्या बाजारासाठी ३०० एसडी आणली, ती टर्बो डिझेल कारची पहिली मोठी सुरुवात मानतात.

अडचण मात्र ब्युखी यांच्या युक्तीतच होती. टर्बो फिरायला जोरदार धूर हवा. जोरदार धुरासाठी जास्त डिझेल जळायला हवं. जास्त डिझेल जळायला जास्त हवा हवी, आणि ती हवा तर टर्बो देणार. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, असला प्रकार. हे चक्र हळूहळू, एकेका फेरीत थोडं थोडं वेग धरतं. छोट्या कारच्या टर्बोचं चाक पूर्ण जोरात असताना मिनिटाला दीड ते दोन लाख फेऱ्या मारतं. निवांत चाललेल्या गाडीत ते त्याच्या कितीतरी खाली असतं. तिथून वर चढायला जो वेळ लागतो, तोच लॅग.

लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात

इथे एक गोंधळ आधी मिटवायला हवा, कारण त्यावरचे उपाय वेगळे आहेत.

समजा गाडी पाचव्या गिअरमध्ये आहे आणि आरपीएमचा काटा १३०० वर. अशा वेळी इंजिनातून येणारा धूर इतका कमी असतो की टर्बोला नीट फिरवायची त्याची कुवतच नसते. अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबा, इंजिन रडतखडत वर चढेपर्यंत जोर येणार नाही. प्रत्येक टर्बोचा असा एक उंबरठा असतो. त्याला इंजिनिअर ‘बूस्ट थ्रेशोल्ड’ म्हणतात.

दुसरी परिस्थिती अशी की काटा २२०० वर आहे, म्हणजे उंबरठा ओलांडलेला आहे, पण पाय आतापर्यंत हलका होता. आता दाबला. धूर पुरेसा आहे, फक्त चाकाला वेग धरायला क्षणभर लागतो. खरा ‘लॅग’ हा.

रस्त्यावर ज्याला लोक लॅग म्हणून शिव्या घालतात, त्यात मोठा वाटा पहिल्या गोष्टीचा असतो. दुसरी गोष्ट अनेकदा सेकंदाच्या आत निपटते. पहिली मात्र गिअर बदलेपर्यंत संपत नाही. हा फरक कळला की अर्धं काम फुकटात होतं. त्याबद्दल पुढे.

डिझेलमध्येच ही तक्रार एवढी का?

पेट्रोल टर्बोमध्येही लॅग असतो. पण डिझेलचं दुखणं थोडं वेगळं आहे.

पेट्रोल इंजिनाला साडेपाच-सहा हजार आरपीएमपर्यंत पळता येतं. डिझेल साधारण साडेचार हजारांपर्यंत, आणि त्याची खरी ताकद त्याहून बरीच खाली संपते. म्हणजे उंबरठा २००० वर असेल तर वापरायला उरतो एक छोटासा पट्टा. त्या पट्ट्याच्या खाली गाडी झोपलेली, वर दमलेली.

शिवाय डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानाने थंड असतो, म्हणजे टर्बोला मिळणारी उष्णता कमी. आणि डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त असलं तरी टर्बोशिवाय तेवढ्याच सीसीचं डिझेल इंजिन पेट्रोलच्या मागे पडतं. त्यामुळे टर्बो येण्याआधीची आणि आल्यानंतरची गाडी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो.

पण सगळ्यात महत्त्वाचं कारण धुराचं आहे. काळ्या धुराचं.

हवा कमी असताना जास्त डिझेल सोडलं तर ते अर्धवट जळतं आणि काजळी होऊन बाहेर पडतं. ज्यांनी पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गावर किंवा कोकण रेल्वेवर डिझेल इंजिनांचा काळ पाहिलाय, त्यांना हे चित्र आठवेल: गाडी स्टेशनातून सुटताना आल्को बनावटीचं इंजिन आधी आकाशात काळा लोट सोडायचं आणि मग ओढायला लागायचं. तो लोट म्हणजे डोळ्यांनी दिसणारा टर्बो लॅग. ड्रायव्हरने नॉच वाढवला, डिझेल लगेच वाढलं, पण टर्बोची हवा अजून पोहोचली नव्हती. काही क्षणांनी टर्बो वेग धरायचा आणि धूर फिका व्हायचा.

जुन्या टर्बो ट्रकमध्ये यासाठी डिझेल पंपावरच एक छोटी डबी असायची. तिच्यात रबरी पडदा, आणि इंजिनाच्या हवेच्या वाटेवरून आलेली एक नळी. टर्बोचा दाब आला की पडदा दबायचा आणि मगच पंपाला पूर्ण डिझेल सोडायची मुभा मिळायची. आता हेच काम कॉम्प्युटर करतो. ईसीयू आत येणारी हवा मोजतो आणि तेवढ्या हवेत धुराशिवाय जळेल तेवढंच डिझेल सोडतो. म्हणजे पाय पूर्ण दाबलेला असतानाही इंजिन मुद्दाम हात आखडता घेतं. गाडी ‘ऐकत नाही’ असं वाटतं ते यामुळे. ती ऐकते, फक्त मागच्या माणसाच्या तोंडावर काजळी फेकायला नकार देते.

काही ठिकाणी त्या जुन्या डबीचा स्क्रू फिरवून किंवा ती निकामी करून ‘पिकअप वाढवून’ मिळायचा. गाडी थोडी लवकर उठायची हे खरं. पण त्या बदल्यात चढावर ती जे काही सोडायची, ते मागच्या दुचाकीवाल्याला विचारा.

भारतातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण

टर्बो लॅग म्हटलं की भारतात एका इंजिनाचं नाव निघतंच. १२४८ सीसीचं फियाटचं १.३ मल्टिजेट. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, मान्झा, किती गाड्यांत ते बसलं याची यादी करता करता दम लागावा. गाडीप्रेमींनी त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ असं नावच पाडलं होतं. मारुतीसाठी ते हरियाणात मानेसरला बनायचं आणि फियाट-टाटासाठी पुण्याजवळ रांजणगावला. २०२० मध्ये बीएस-६ आलं, मारुतीने डिझेल बंद केलं आणि या इंजिनाची कहाणी इथे संपली. पण त्याच्या लाखो गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि सेकंड हँड बाजारात त्यांना मागणीही आहे.

याच इंजिनाचे दोन अवतार होते, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ते फार सोयीचं आहे. स्विफ्टमधला ७५ पीएसचा अवतार १९० न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचा, तोही २००० आरपीएमला. त्याला साधा, ठरलेल्या आकाराचा टर्बो होता. अर्टिगा आणि सियाझमधला ९० पीएसचा अवतार २०० न्यूटन-मीटर द्यायचा, १७५० आरपीएमला. त्याला बदलत्या आकाराचा टर्बो होता.

कागदावर २५० आरपीएमचा फरक किरकोळ वाटतो. पण ७५ पीएसची स्विफ्ट शहरात चालवलेल्या माणसाला विचारा. स्पीड ब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये उतरताना, सोसायटीच्या बेसमेंटमधून चढ चढताना, २००० च्या खाली गाडी कशी जीव टाकते आणि काटा त्यावर गेला की कशी उसळते, हे तो हाताने नक्कल करून दाखवेल. अर्थात याच इंजिनाने लोकांना जे मायलेज दिलं, त्यापुढे बहुतेकांनी ही खोड पोटात घातली.

छोटा टर्बो की मोठा?

मग मुळात टर्बो छोटाच का बसवत नाहीत? छोटं चाक लवकर फिरतं. किती लवकर, याचा हिशोब मजेदार आहे. चाकाची सगळी मापं १० टक्क्यांनी कमी केली, तर त्याला फिरवताना जाणवणारा जडपणा १० नाही, जवळपास ४० टक्क्यांनी कमी होतो. कारण आकार कमी झाला की वजन घटतं, आणि उरलेलं वजनही मध्याच्या जवळ येतं. दोन्हींचा फायदा एकत्र मिळतो.

पण छोट्या टर्बोची नळीही छोटी. वरच्या आरपीएमला इंजिनाला भरपूर धूर बाहेर टाकायचा असतो, तेव्हा तोच टर्बो बोळ्यासारखा वाटेत अडकतो. मोठा टर्बो वर मोकळा श्वास देतो, पण खाली तासभर जांभया देतो. साध्या टर्बोत कंपनीला यातला एक कुठला तरी तडजोडीचा आकार निवडावा लागतो, आणि जास्तीचा दाब सोडून द्यायला ‘वेस्टगेट’ नावाची झडप बसवावी लागते.

यावरचा सगळ्यात यशस्वी उपाय म्हणजे मघाशी उल्लेख आलेला बदलत्या आकाराचा टर्बो, व्हीजीटी. अंगणात पाणी मारताना पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी कमी येतं, पण लांब जातं. व्हीजीटी हेच करतो. धूर ज्या चाकावर आदळतो त्याच्याभोवती छोट्या पात्यांचं कडं असतं. आरपीएम कमी असताना पाती मिटतात, वाट अरुंद होते, थोडाच धूर वेगाने चाकावर आदळतो. आरपीएम वाढला की पाती उघडतात आणि वाट मोकळी होते. एकच टर्बो खाली छोटा आणि वर मोठा असल्यासारखा वागतो.

ही पाती लालबुंद धुरात, काजळीत, वर्षानुवर्षं हलत राहायला हवीत. डिझेलचा धूर तुलनेने थंड असतो हे मघाशी तक्रार म्हणून आलं, पण इथे तेच पथ्यावर पडतं. म्हणूनच व्हीजीटी डिझेलमध्ये सर्रास आला आणि पेट्रोल गाड्यांत फार उशिरा, तोही मोजक्या.

फरक किती पडतो? २०२० च्या ह्युंदाई क्रेटामधलं दीड लिटरचं व्हीजीटी डिझेल घ्या. २५० न्यूटन-मीटर, १५०० ते २७५० आरपीएम. पूर्ण जोर दीड हजारापासून. सुरुवातीला पाती हलवायला व्हॅक्यूमवर चालणारी यंत्रणा असायची, आता बऱ्याच गाड्यांत छोटी इलेक्ट्रिक मोटर असते. ती पाती जास्त चपळाईने आणि नेमकी हलवते.

दोन टर्बो, हवेची टाकी आणि विजेचा पंखा

पैसे जास्त असले की उपाय आणखी सुचतात. एक छोटा आणि एक मोठा असे दोन टर्बो बसवायचे. खाली छोटा काम करणार, मध्ये दोघं मिळून, वर मोठा एकटा. बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये ५३५डी मध्ये हे केलं आणि तीन लिटरच्या डिझेलमधून २७२ पीएस काढले. नंतर त्यांनी तीन टर्बो लावले, मग चारही. तेवढ्या पाइप आणि झडपा एका बॉनेटखाली पाहिल्या की साध्या मेकॅनिकच्या पोटात गोळा यावा.

ऑडीने २०१६ च्या एसक्यू७ मध्ये वेगळी वाट धरली. धूर पुरेसा नसेल तर त्याची वाटच का पाहायची? त्यांनी ४८ व्होल्टच्या विजेवर फिरणारा एक वेगळा कॉम्प्रेसर बसवला. पाय दाबल्यापासून पाव सेकंदात तो पूर्ण वेगाला जातो आणि टर्बो जागे होईपर्यंत हवा पुरवतो. वेड आणि लग्नाचं ते चक्र बाहेरून कुणीतरी तोडल्यासारखं.

व्होल्वोची युक्ती मात्र सगळ्यात गमतीची. २०१६ मध्येच त्यांनी डी५ डिझेल इंजिनाला दोन लिटरची हवेची टाकी जोडली. छोटा इलेक्ट्रिक पंप तिच्यात दाबाखाली हवा भरून ठेवतो. उभ्या गाडीतून जोरात निघताना ही हवा टर्बोच्या आधी, धुराच्या नळीत सोडली जाते. फुंकर मारून भिरभिरं फिरवावं तसा टर्बो एकदम फिरतो आणि मग धूर त्याचा ताबा घेतो. टायरमध्ये हवा भरणाऱ्या माणसाला सुचावा असा हा उपाय आहे, आणि त्यासाठी विजेची वेगळी ४८ व्होल्टची यंत्रणाही लागत नाही.

बाहेरून मदत देऊन टर्बो फिरवायची कल्पना आपल्या रुळांवर मात्र याच्या कितीतरी आधीपासून होती. आल्कोनंतर भारतीय रेल्वेत आलेल्या डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ या डिझेल इंजिनांत ईएमडीचं ७१० मालिकेचं इंजिन असतं. ते टू-स्ट्रोक आहे. बाहेरून हवा ढकलल्याशिवाय ते चालूच होऊ शकत नाही. म्हणून त्याचा टर्बो सुरुवातीला थेट इंजिनाच्या गिअरवर फिरतो. वरच्या नॉचला धुराचा जोर पुरेसा वाढला की टर्बो गिअरपेक्षा जोरात पळू लागतो, मधला एकेरी क्लच सुटतो आणि टर्बो स्वतंत्र होतो. सायकल उतारावर पायडल न मारता पळते, तसंच. स्टेशनातून निघताना ही इंजिनं आल्कोसारखा काळा लोट का सोडत नसत, त्याचं मोठं कारण हे.

बाकीचे उपाय छोटे, पण बेरजेत उपयोगी. टर्बो इंजिनाच्या अगदी जवळ बसवायचा म्हणजे धुराची उष्णता वाटेत जात नाही. दांड्याला बॉल बेअरिंग द्यायचं. चाक हलक्या धातूचं करायचं. आणि अलीकडच्या माइल्ड हायब्रिड डिझेलमध्ये एक छोटी मोटर टर्बो येईपर्यंत इंजिनाला खांदा देते.

आपल्याकडे आहे त्या गाडीत काय करता येतं?

वरचं सगळं कंपनीच्या हातात. ड्रायव्हरच्या हातात आहे गिअर, आणि तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

सुरुवातीच्या कांद्याच्या ट्रककडे परत येऊ. ताशी ६० ला पाचव्या गिअरमध्ये अनेक छोट्या डिझेल गाड्यांचा काटा दीड हजाराच्या आसपास असतो. म्हणजे उंबरठ्याखाली. तिथून ओव्हरटेक करायला निघणं म्हणजे झोपलेल्या माणसाला घेऊन शर्यत लावणं. तीच गाडी तिसऱ्यात घातली की काटा अडीच हजारांच्या जवळ जातो आणि टर्बो दारात उभा असतो. महत्त्वाचं हे की गिअर ट्रकच्या मागे असतानाच बदलायचा. उजवीकडे निघाल्यावर, गाडी ओढत नाही हे कळल्यावर, घाईत गिअर शोधायचा नाही.

घाटातही तेच. वळणावर गाडी हळू होते, काटा पडतो आणि वळण संपल्यावर चढाला सुरुवात होते नेमकी उंबरठ्याखालून. वळणाच्या आधीच एक गिअर खाली घेतला तर हा प्रश्नच येत नाही. ‘वरच्या गिअरमध्ये मायलेज मिळतं’ हे सपाट रस्त्यावर हलक्या पायाने खरं आहे. चढावर १२०० आरपीएमला पाय पूर्ण दाबून गाडी रेटण्यात डिझेल वाचत नाही. उलट काजळी साचते आणि क्लच, माउंट, सगळ्यांवर धक्के बसतात.

ऑटोमॅटिक गाड्यांत, विशेषतः टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या, हा त्रास कमी जाणवतो. कारण गाडी जागची हलण्याआधीच इंजिनाला आरपीएम चढवायची मोकळीक मिळते. मॅन्युअलमध्ये तीच गोष्ट क्लच अर्धा धरून केली जाते. कधीतरी उभ्या चढावर ठीक. रोजची सवय झाली तर क्लच प्लेटचं बिल येतं.

लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. खारदुंग ला पाच हजार मीटरच्या वर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास अर्धा असतो. टर्बो जागा झाल्यावर तो बरीचशी कसर भरून काढतो. पण तो जागा होईपर्यंत इंजिन अर्ध्या हवेवर असतं. म्हणून मुंबईत न जाणवणारा लॅग तिथे अगदी पहिल्या गिअरमध्येही जाणवतो. गाडी बिघडलेली नसते.

लॅग अचानक वाढला असेल तर?

मग तो स्वभाव नाही, आजार आहे. गाडी गेल्या महिन्यापर्यंत १८०० ला उठत होती आणि आता २५०० शिवाय हलत नाही, असं असेल तर टर्बो बदलायच्या आधी बाकीच्या स्वस्त गोष्टी तपासायला हव्यात.

पहिला संशय रबरी पाइपवर. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या पाइपला चीर गेली किंवा क्लिप सैल झाली की कोंबलेली हवा बाहेर पळते. पाय दाबल्यावर ‘फुस्स’ असा किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, कधी पाइपवर तेलाचे डाग दिसतात. त्यानंतर तुंबलेला एअर फिल्टर, मग हवा मोजणारा मळलेला सेन्सर. ईजीआर झडप काजळीने उघडीच अडकली तर ताज्या हवेच्या जागी धूरच पुन्हा इंजिनात जातो आणि टर्बोला मिळायचा धूर वाटेत वळतो. व्हीजीटी असेल तर पाती काजळीत जाम झालेली असू शकतात. कायम शहरात, कमी आरपीएमला रांगणाऱ्या गाड्यांना हे जास्त होतं. व्हॅक्यूमची एक पातळ नळी निघाल्यामुळेही तीच लक्षणं दिसतात, आणि ती नळी किरकोळ पैशांत येते. बीएस-६ गाडीत डीपीएफ तुंबलं असेल तर धुराला पुढे जायला वाट नसते, टर्बो कसा फिरेल?

हे सगळं तपासून झाल्यावर मग टर्बो. उलट क्रमाने निघालेल्या गॅरेजपासून सावध राहिलेलं बरं.

रीमॅप, पेडल बॉक्स आणि बाकीची जादू

सोशल मीडियावर लॅग घालवायचे जे उपाय विकले जातात, त्यात पेडल बॉक्स सर्वांत लोकप्रिय आहे. अ‍ॅक्सिलरेटर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसणारा हा डबा एवढंच करतो की पाय ३० टक्के दाबला तर ईसीयूला ५० टक्के दाबल्याचं सांगतो. गाडी तरतरीत वाटते. पण ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबलेलाच असतो, आणि शंभराचे शंभरच राहतात. टर्बोला या डब्याचा पत्ताही नसतो.

इंटरकूलरच्या पाइप बदलून लॅग जातो, हाही दावा असतो. हिशोब करू. १.३ लिटरचं इंजिन १५०० आरपीएमला टर्बोशिवायही सेकंदाला साधारण १५ लिटर हवा ओढतं. सगळ्या पाइप आणि इंटरकूलरची मिळून जागा चार लिटर धरली, तरी ती भरायला अर्धा सेकंदही लागत नाही. पाइप थोडी आखूड केली तर त्यातला अंशच वाचेल. खरा वेळ जातो तो चाक फिरायला.

रीमॅपचं तसं नाही, त्याने खरोखर फरक पडतो. ईसीयूमधलं डिझेलचं प्रमाण, बूस्टचा दाब आणि व्हीजीटीची पाती कधी किती मिटायची हे बदललं की गाडी लवकर उठते. पण त्यातला काही भाग धुराची मर्यादा सैल करून मिळवलेला असू शकतो. वाढलेला टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्सला सोसावा लागतो, वॉरंटी जाते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांत फरक पडेल असे बदल गाडीत करता येत नाहीत. ‘ईजीआर बंद करून देतो, डीपीएफ काढून देतो’ अशा जाहिराती दिसल्या तर त्या याच रांगेतल्या समजायच्या. अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरने असा बदल पकडला तर दाव्याचं काय होईल, हा प्रश्न आधीच विचारलेला बरा.

सेकंड हँड डिझेल घेताना लॅग तपासायची एक सोपी रीत आहे. मोकळा, सरळ रस्ता बघायचा, मागे कुणी नाही याची खात्री करायची. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये १२०० आरपीएमला स्थिर करायची आणि पाय सावकाश पण पूर्ण दाबायचा. काटा कुठे असताना धक्का येतो ते बघायचं, आणि त्याच वेळी आरशात मागचा धूर. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या एखाद्या गाडीत हेच करून दोन आकडे ताडून पाहायचे. एक गाडी १८०० ला उठत असेल आणि दुसरी २४०० ला, वर काळा लोट सोडत असेल, तर दुसरीची किंमत ठरवताना वरच्या परिच्छेदांतल्या पाइपपासून टर्बोपर्यंतच्या खर्चाचा अंदाज आधी मेकॅनिककडून घ्यायचा आणि मगच भावाची बोलणी करायची.